वाचाघातानंतरचे चोवीस शनिवार

११ फेब्रुवारी २०२३ ला माझ्या वडिलांना, अण्णांना, पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरचं वर्ष फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, दिव्यांग प्रमाणपत्र, बँकेतली सही असल्या कामांत गेलं. या प्रत्येक बाबतीत सांगणारं कुणी ना कुणी भेटलं. आर्ट थेरपीबद्दल, म्हणजे चित्र, रंग, माती यांतून मनावर केल्या जाणाऱ्या उपचाराबद्दल, मात्र ज्याला विचारावं तो म्हणे, 'म्हणजे चित्रकलेचा क्लास ना?' आम्हालाही तेवढंच वाटत होतं. आता अण्णांची चोवीस सेशन्स पूर्ण झाली आहेत आणि ते वस्तीतल्या गटात जायला लागलेत. या वाटेवर नव्यानं येणाऱ्यांना थोडं कमी चाचपडावं लागावं म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहिते आहे.

अण्णा भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. तेहेतीस फुटांची साखळी, फळी, हद्दीच्या खुणा, टिपण (मोजणीचा हातानं काढलेला नकाशा) हे शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखे होते. वाईला आई आणि ते दोघंच राहायचे. त्या सकाळी आई साडेसहाला उठवायला गेली तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात उचलत नव्हता. रात्री दहाला झोपताना ठीक होते, म्हणजे झटका नक्की कधी आला ते कळायला मार्ग नव्हता. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि तो वेळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. आमच्या हातून तो गेला होता. बारा दिवस रुग्णालय, मग मार्चमध्ये त्यांना पुण्याला, सिंहगड रस्त्यावर आमच्या घरी आणलं.

उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. डॉक्टरांनी कागदावर 'अफेजिया' लिहिलं होतं. मराठीत वाचाघात. बोललेलं त्यांना बरंचसं कळायचं, पण सांगायचा शब्द ओठांवर यायचा नाही. 'अगं ते' आणि 'नाही' एवढं उरलं होतं, आणि 'हो' म्हणायचं असलं तरी कधी कधी 'नाही'च निघायचं. संध्याकाळी आई देवापुढे आरती म्हणायला लागली की मात्र अण्णा तिच्याबरोबर कडव्यामागून कडवी म्हणायचे. एका नातेवाईकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, 'बोलता येतंय की! मनावर घेत नाहीत.' अण्णांनी मान भिंतीकडे वळवली. पुढे स्पीच थेरपिस्टनी समजावलं की पाठ असलेलं, तालातलं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेनं आणतो. आरती येते म्हणून 'पाणी दे' येईलच असं नाही. तुमच्या घरी असं काही घडलं तर हे लगेच सगळ्यांना सांगून टाका. आम्हाला उशीर झाला.

एप्रिलपासून अण्णा व्यायाम टाळू लागले. ताटावरून उठून जायचे. दुपारी डोळ्यांतून पाणी वाहत असायचं आणि विचारलं की हात झटकायचे. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, हे मला मानसोपचारतज्ज्ञांकडून मे महिन्यात पहिल्यांदा कळलं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. समुपदेशनाचं विचारल्यावर म्हणाल्या, 'समुपदेशन बोलण्यावर चालतं आणि यांचं बोलणंच गेलंय. आर्ट थेरपी करून बघा.' ज्याला बोलता येत नाही, किंवा जे झालंय ते ज्याला शब्दांत आणणं सोसत नाही, अशा माणसांसाठी दवाखान्यांत ही पद्धत वापरतात. लहान मुलं, मोठा आघात सोसलेले, स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण, आणि अण्णांसारखे. स्पीच थेरपी बंद करायची नाही, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

जूनमध्ये आमची मोठी चूक झाली. ओळखीतून एक नाव मिळालं, मी फारसं न विचारता वेळ घेतली. एका बैठकीचे २,००० रुपये. अण्णांपुढे पेन आणि कागद ठेवला. त्यांनी डाव्या हातानं काळ्या, वाकड्या चार-पाच रेघा ओढल्या. समोरच्या व्यक्तीनं कागद उचलला आणि माझ्याकडे बघून सांगायला सुरुवात केली: काळा रंग म्हणजे दडपलेला राग, रेघा खाली येताहेत म्हणजे जगण्याची इच्छा कमी, हा राग बहुधा बायकोवर आहे. अण्णा तिथेच बसलेले होते आणि त्यांना प्रत्येक शब्द कळत होता. काळा रंग होता कारण टेबलावर काळंच पेन होतं. रेघा खाली येत होत्या कारण डावा हात दमत होता. मी त्याच वेळी उठायला हवं होतं. घरी आल्यावर तीन दिवस अण्णांनी आईकडे बघितलं नाही. तिला दुखावल्याची शरम त्यांना वाटत होती असं मला आजही वाटतं.

त्यानंतर मी नीट चौकशी करायला शिकले. प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झालं, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर देखरेखीखाली किती काम केलं, आजही कुणाच्या देखरेखीखाली काम करता का, चित्रं कुणाला दाखवता, आमच्या डॉक्टरांशी बोलाल का. ज्यांना या प्रश्नांचा राग आला तिथे आम्ही गेलो नाही. स्पीच थेरपिस्ट किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते आणि त्यांचा नोंदणी क्रमांक मागता येतो. आर्ट थेरपिस्टची नोंद ती परिषद करत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याच्या परिशिष्टात आर्ट थेरपीचं नाव आलं आहे. ब्रिटनमध्ये तर नोंदणी नसेल तर स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडे तेवढा धाक नाही, म्हणून विचारणं आपल्याच हातात.

त्या दिवसांत रात्री मी वाचत बसायचे. 'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं १९४२ मध्ये रूढ केला. तो क्षयानं आजारी होता, सॅनेटोरियममध्ये खाटेवर पडून चित्रं काढायचा आणि शेजारच्या रुग्णांनाही काढायला लावायचा. पाचगणीचं क्षयाचं सॅनेटोरियम आमच्या वाईपासून घाटाच्या वरच्या अंगाला. लहानपणी तिथल्या गोष्टी खूप ऐकल्या होत्या, त्यामुळे ते चित्र चटकन डोळ्यांपुढे आलं. उलट बाजूही वाचली. ब्रिटनमध्येच स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष आले: नेहमीच्या उपचारांना आठवड्यातून एकदा गटातल्या आर्ट थेरपीची जोड देऊन फारसा फरक पडला नाही. बरेच जण सेशनला नियमित येतच नव्हते, हेही त्यात नोंदवलं होतं. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि त्यात उपयोग दाखवणारं बरंच आहे. मी आशा ठेवली, पण बेतानं.

शेवटी एका पुनर्वसन केंद्रात जागा मिळाली. फोन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात केला होता, पहिली भेट १९ ऑगस्टला. पाच आठवडे थांबावं लागलं. चार पानी फॉर्म होता. आजाराचे तपशील तर होतेच, शिवाय पूर्वी काय काम करत होते, हातानं काय करायची सवय होती, घरात कुठे बसतात, चष्मा कधीचा आहे, हेही. 'काम' या रकान्यात मी 'मोजणी खातं' लिहिलं आणि त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही.

थेरपिस्ट माझ्यापेक्षा लहान होत्या, सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्या माझ्याशी बोलण्याआधी अण्णांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. हो, नाही, आणि 'आज नको' अशी तीन कार्डं त्यांच्या पुढे ठेवली आणि संमतीचा प्रत्येक मुद्दा त्यांनाच विचारला. चित्रं फाइलमध्ये राहतील, चालेल? मुलीला दाखवायची का? डॉक्टरांना? अण्णांनी 'मुलीला' या प्रश्नावर बराच वेळ घेतला आणि मग 'आज नको'वर बोट ठेवलं. मला ते लागलं. ताई मला एवढंच म्हणाल्या, 'सहा महिन्यांत कुणी त्यांना काही विचारून केलेलं हे पहिलंच असेल.' त्या चित्रांचे फोटो काढायचे नाहीत, हा नियमही तेव्हाच सांगितला. नाशिकचा माझा भाऊ फॅमिली ग्रुपवर फोटो मागत राहिला, त्याला हे समजवायला मला महिना लागला.

फी एका सेशनला १,२०० रुपये, पन्नास मिनिटं. बारा सेशन्सचे पैसे एकदम भरते म्हटलं तर त्यांनी घेतले नाहीत. आधी चार करू, मग अण्णांसह बसून ठरवू, असं म्हणाल्या. मी त्यांना ४१७ रुग्णांच्या त्या चाचणीबद्दल विचारलं. त्यांना ती माहीत होती. 'म्हणूनच दर चार सेशन्सनंतर थांबून बघायचं,' त्या म्हणाल्या. आठ सेशन्सनंतर आमचा खर्च बघून फी ९०० केली. अशी सवलत बऱ्याच ठिकाणी असते पण पाटीवर लिहिलेली नसते, संकोच न करता विचारा. चोवीस सेशन्सचे एकूण २४,००० झाले. रिक्षाचे जाऊन-येऊन दर वेळी साधारण २५० वेगळे. आरोग्य विम्यातून यातला एक रुपयाही मिळाला नाही, कारण आमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च धरलेलाच नव्हता.

२६ ऑगस्ट, २ सप्टेंबर, ९ सप्टेंबर. तिन्ही शनिवारी अण्णांनी काहीही केलं नाही. मी बाहेर बाकावर. आत काय होतं ते नंतर ताईंनी सांगितलं: कागद, तैलखडू, रंग, शाडूची माती मांडलेली असायची. अण्णा मांडीवर हात ठेवून बसायचे, ताईही शेजारी बसून आपल्या कागदावर सावकाश काहीतरी करायच्या. बोलायच्या फार कमी. परतताना रिक्षात माझ्या मनात ३,६०० हा आकडा फिरत असायचा. घरी आई विचारायची, 'आज काय काढलं?' आणि मला उत्तर द्यायला नको वाटायचं. यापूर्वी एका ठिकाणी अण्णांना सशाचं चित्र रंगवायला दिलं होतं. एकोणसत्तराव्या वर्षी, आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाला. तेव्हा त्यांनी कागद ढकलून दिला होता. इथे निदान ढकलत नव्हते, एवढ्यावर मी टिकून होते.

१६ सप्टेंबरला ताईंनी टेबलावर आलेखाचा कागद, लाकडी पट्टी, शिसपेन्सिल आणि खोडरबर ठेवला. फॉर्ममधला तो रकाना त्यांनी वाचला होता. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपनं चिकटवलेला, कारण एका हातानं कागद धरून त्याच हातानं काढता येत नाही. पेन्सिलीला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड केलेली. अण्णांनी पट्टी उचलली, उलटी करून कडा बघितली, परत ठेवली. मग ताईंकडे बघितलं. त्यांनी पट्टीचं एक टोक धरलं आणि अण्णांनी डाव्या हातानं रेघ ओढली. खोडली, पुन्हा ओढली, पुन्हा खोडली. त्या दिवशी कागदावर एकच रेघ राहिली, साधारण चार इंचांची. बाहेर आल्यावर अण्णांच्या डाव्या करंगळीखाली शिशाचा काळा डाग होता आणि तो त्यांनी घरी पोचेपर्यंत पुसला नाही.

गणपतीत एक आठवडा सुटी. मग ३० सप्टेंबर, आणि ७ ऑक्टोबरला सहावं सेशन. त्या दिवशी अण्णांनी मला आत बोलवायला 'हो'चं कार्ड दाखवलं. टेबलावर वाईच्या घराचा आराखडा होता. ओटा, माजघर, देवघर. रेघा थरथरत्या, पण भिंतींची जाडी दुहेरी रेघेनं दाखवलेली, जशी ते टिपणात दाखवायचे. आणि कागदाचा उजवा अर्धा भाग कोरा. स्वयंपाकघर नाही, न्हाणीघर नाही, मागचा आडही नाही. मला भरून आलं. मनात म्हटलं, आयुष्याचा अर्धा भाग गेला असं सांगताहेत. मी ते बोलून दाखवणार इतक्यात ताईंनी हळूच विचारलं, 'घरी जेवताना ताटातलं काही उरतं का?'

भाजी. रोज भाजी उरायची. आपल्याकडे ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, आमटी. अण्णा मधला भात आणि डावीकडची कोशिंबीर खायचे आणि भाजीला हात लावायचे नाहीत. आई सहा महिने भाज्या बदलून बघत होती. दोडका नको तर घेवडा, घेवडा नको तर भरली वांगी. एकदा स्वयंपाकघरात जाऊन रडली होती की माझ्या हातची चव यांना नकोशी झाली. ताई म्हणाल्या, 'मी याचा अर्थ लावणार नाही. पण न्यूरोलॉजिस्टना हा कागद दाखवायची काकांनी परवानगी दिली आहे. या आठवड्यातच दाखवा.' न्यूरोलॉजिस्टनी समोर बसून, दोन्ही बाजूंनी बोटं हलवून तपासलं. अण्णांना दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं अर्धं क्षेत्र दिसत नव्हतं आणि तिकडे लक्षही जात नव्हतं. डाव्या मेंदूच्या झटक्यात असं होऊ शकतं. आमच्या पहिल्या रुग्णालयाच्या कागदांत याची कुठेच नोंद नव्हती. अण्णांना ते सांगता येत नव्हतं आणि आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं.

त्या रात्री आईनं ताट अर्धं फिरवून ठेवलं. अण्णांनी भाजी खाल्ली. आई काही बोलली नाही, पुन्हा वाढायला उठली.

यानंतर व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं) करणाऱ्या ताईंनी मान उजवीकडे वळवून बघण्याचा सराव सुरू केला. कागदाच्या उजव्या कडेला लाल टेप लावायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची. आर्ट थेरपीच्या कागदावरही तीच लाल पट्टी आली. दोघींचं एकमेकींशी बोलणं होत होतं म्हणून हे जमलं. तुमच्याकडे वेगवेगळ्या ठिकाणी उपचार चालू असतील तर त्यांना एकमेकांचे फोन नंबर आपणहून द्या. आपण दिले नाहीत तर ते बहुतेक बोलत नाहीत.

२८ ऑक्टोबरचं नववं सेशन मी विसरणार नाही. अण्णांनी आमच्या पुण्याच्या घराचा नकाशा काढला होता. या वेळी उजवी बाजूही होती, थोडी दाटीवाटीनं. त्यांची खोली, खाट, आणि खाटेभोवती चार कोपऱ्यांत चार छोटी वर्तुळं. टिपणात हद्दीच्या दगडांना अशा खुणा करतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. खोलीच्या रेघेत दाराची फट सोडलेली होती आणि त्या फटीत पेन्सिल इतकी गिरवली होती की कागद जवळजवळ फाटला होता. ताई म्हणाल्या, 'एक मिनिट नुसतं बघूया, काही बोलायचं नाही.' मला ते मिनिट फार जड गेलं. मग अण्णांनी त्या काळ्या ठिकाणी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारायला लागले. अंधार वाटतो का? नाही. बाहेर जायचंय? नाही. वाईला? नाही, नाही. ताईंनी मला थांबवलं. 'काकांना दाखवू द्या.' अण्णा काठी घेऊन उठले, चार पावलं चालले, सेशनच्या खोलीचं दार डाव्या हातानं ढकलून लावलं. कडी बसल्याचा आवाज झाला. मग वळून म्हणाले, 'दार.'

त्यांचं दार आम्ही कधी लावतच नव्हतो. हाक मारता येत नाही, पडले तर कळणार कसं, म्हणून रात्रंदिवस उघडं. त्या उघड्या दारात मदतनीस त्यांचे कपडे बदलायचा, डायपर बदलायचा, अंग पुसायचा. समोरच्या पॅसेजमधून माझी मुलगी जायची, तिच्या मैत्रिणी जायच्या, कामाच्या मावशी जायच्या. आठ महिने. आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखून दिलेला माणूस. मी त्यांच्या पायाशी बसून माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि 'अगं ते' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी १८० रुपयांची बिनतारी घंटी आणली. बटण खाटेच्या डाव्या दांड्याला बांधलं आणि दार लावायला सुरुवात केली.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा प्रश्न आला. पेन्शनच्या बँकेत अण्णांची जुनी, झोकदार उजव्या हाताची सही. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, पण बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. हा नियम रिझर्व्ह बँकेचाच आहे, पण काउंटरवर तो माहीत असेलच असं नाही, म्हणून लेखी अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला सोबत न्या. अण्णांनी त्या वर्षी अंगठा दिला. डाव्या हाताची सही व्यवसायोपचारात घोटून घेतली आणि पुढच्या वर्षी नवा सहीचा नमुना दिला. याचं श्रेय मी आर्ट थेरपीला देणार नाही, ते त्या दुसऱ्या ताईंच्या रोजच्या वहीचं आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही सांगते, कारण त्यात आमचा बराच वेळ गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि वाचाघातामुळे कायमचं आलेलं वाचा-भाषेचं अपंगत्व त्यात धरलेलं आहे. आम्ही फक्त हातापायाचं नोंदवणार होतो. स्पीच थेरपिस्टनी सांगितलं म्हणून दोन्ही नोंदवलं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज ऑनलाइन, मग वैद्यकीय मंडळापुढे प्रत्यक्ष तपासणी. झटक्यानंतर काही महिने थांबायला सांगतात, सुधारणा कुठवर होते ते बघायला. आधारवर पत्ता वाईचा, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी वाचेच्या तपासणीचा अहवाल मागितला आणि तो आमच्याकडे नव्हता. तो आधीच करून न्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये काम झालं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलं की २०२४ मध्ये जुन्या करपद्धतीत आयकराच्या कलम ८० यू खाली पेन्शनवाल्या व्यक्तीला स्वतःला ७५,००० रुपयांची वजावट मिळत होती, ऐंशी टक्क्यांपासून पुढे १,२५,०००. मुलांनी कलम ८० डीडीची वजावट घ्यायची तर ती व्यक्ती त्यांच्यावर अवलंबून असावी लागायची.

बोलणं परत आलं का, असं सगळे विचारतात. आता तीस-चाळीस शब्द आहेत, त्यातले बरेचसे स्पीच थेरपीनं आणलेले. रडणं खूप कमी झालं. गोळ्यांमुळे किती, शनिवारांमुळे किती, दार लावल्यामुळे किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही.

२ मार्च २०२४ ला शेवटचं सेशन. ते शेवटचं आहे हे ताई पाच आठवडे आधीपासून सांगत होत्या. सगळे कागद टेबलावर तारखेनुसार मांडले, एकतीस होते. एकेक अण्णांनी सावकाश बघितला. त्या चार इंची रेघेपाशी थांबले, पट्टी मागितली, रेघ मोजली आणि खाली डाव्या हातानं आकडा लिहिला. घराचे दोन्ही नकाशे घरी न्यायला बाजूला काढले. बाकीचे केंद्राच्या फाइलमध्ये राहू द्या म्हणून 'हो'वर बोट ठेवलं. एक कागद मात्र त्यांनी उचलून फाडला. तो कोणता होता ते मी ताईंना विचारलं नाही.

एप्रिलपासून अण्णा आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात एका गटात जातात. महिना ३०० रुपये, रंग-कागद त्यातच. तिथे आजाराचं नाव कुणी विचारत नाही, नोंदी ठेवत नाहीत, घरच्यांनाही बसता येतं. दवाखान्यात ध्येयं ठरलेली असतात, आढावा असतो, डॉक्टरांशी पत्रव्यवहार असतो. इथे दर शनिवारी चार वाजता दहा-बारा माणसं एका लांब टेबलाशी बसतात आणि त्यासाठीच येतात. गंभीर काही चालू असेल तर आधी दवाखाना आणि मग गट, असं माझं मत झालं आहे. अण्णा सुरुवातीलाच इथे आले असते तर ती कोरी उजवी बाजू कुणाच्या ध्यानात आली असती का, मला शंका वाटते. पण दवाखान्यात त्यांना शेजारी नव्हता. इथे त्यांच्या डावीकडे बसणारे एक गृहस्थ आहेत. दोघंही न बोलता एकमेकांच्या कागदाला टेप लावून देतात.

पहिल्या दिवशी गट चालवणाऱ्यांनी घरच्यांना एकच गोष्ट सांगितली: 'छान' म्हणू नका. छान म्हटलं की माणूस पुढचं चित्र तुमच्यासाठी काढतो. बघा, आणि विचारावंसं वाटलं तर 'हे काय चाललंय इथे?' एवढंच विचारा. मला हे फार अवघड गेलं, अजून जातं. जलरंग ओघळतात आणि हातावर ताबा नसलेल्याला त्यानं हरल्यासारखं वाटू शकतं, म्हणून नव्या माणसाला आधी तैलखडू किंवा माती देतात, हेही तिथेच कळलं.

आई दोन महिने नुसती सोबत म्हणून यायची, पर्स मांडीवर घेऊन. जूनमध्ये एकदा तिनं खडू घेतला आणि कागदभर ठिपके काढले. रांगोळीचे, सरळ ओळीत, पंधरा बाय पंधरा. मी वाट बघत होते, आता जोडेल. तिनं खडू खाली ठेवला आणि म्हणाली, 'आज एवढंच.' अण्णांनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला, उजवी कड दिसेपर्यंत मान वळवली आणि पेन्सिलीनं ठिपके मोजायला लागले. आई त्यांच्याकडे बघत बसली होती.

या शनिवारी शाडू आहे. अण्णांनी जुन्या धोतराचा तुकडा काढून ठेवायला आईला खुणेनं सांगितलंय, हात पुसायला.